चार बोटं कापड

ओके-इरोको
८ मे २००१

आदरणीय अबेके आत्यांना,

गुडघे टेकून नमस्कार.

मी इबिदुन. तुमचे थोरले भाऊ आजानी टेलर यांची मोठी मुलगी. तुम्ही इंग्लंडला गेलात तेव्हा मी चार वर्षांची होते. आई सांगते, निघायच्या दिवशी मी तुमच्या उघड्या बॅगेत जाऊन बसले होते आणि मला बाहेर काढायला दोन माणसं लागली. तुमचा पत्ता मी चर्चच्या जुन्या वहीतून मिळवला. तो बदलला असेल तर जो कोणी हे पत्र उघडेल त्याने कृपया ते पुढे पाठवावं.

गेल्या वर्षी मला भूगोलाची पदवी मिळाली. आपल्या घरात मी पहिलीच. आता पदवीधरांना वर्षभर करावी लागते त्या राष्ट्रीय सेवेचं बोलावणं कधीही येईल. तोवर रिकामं बसायचं नाही असं ठरवलं आणि देवाच्या कृपेने कामही मिळालं. आपल्या राज्याला येत्या ऑगस्टमध्ये दहा वर्षं पूर्ण होतात. त्यासाठी सरकारने 'घरी या' महोत्सव जाहीर केला आहे. बाहेर गेलेल्या आपापल्या लेकरांना प्रत्येक गावाने बोलवायचं आणि २५ ऑगस्टला सगळ्यांनी राजधानीच्या मैदानावर जमायचं. आपल्या गावाच्या समितीचे अध्यक्ष चीफ फालोडुन आहेत आणि चिटणीस मी.

आत्या, राज्य म्हणजे नकाशावर ओढलेली रेघ नव्हे. ती रेघ मी चार वर्षं अभ्यासली आहे, तिच्यात जीव नसतो. तिच्या आतली माणसं एकमेकांकडे परत येतात तेव्हा राज्य होतं. मी एक्केचाळीस जणांची यादी केली आहे. तुमचं नाव त्यात पहिलं आहे. 'हुद्दा' या रकान्यात मी 'इंग्लंडच्या आरोग्यसेवेत अधिकारी' असं लिहिलं आहे. चुकलं असेल तर कळवा.

बाबा तुमची रोज आठवण काढतात. परवा तर याम खाताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. नक्की या.

तुमची भाची,
इबिदुन


लीड्स
२४ मे २००१

इबिदुन पोरी,

तुझं पत्र मिळालं. अक्षर सुंदर आहे. खोटं बोलणं मात्र अजून कच्चं आहे.

तुझ्या बापाच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर रश्श्यात मिरची जास्त पडली असेल. तुझ्या आईचा हात मला माहीत आहे. तो माझी आठवण काढतो म्हणतेस, तर मला सांग, कोणत्या नावाने? कारण सतरा वर्षांपूर्वी त्याने माझं नाव घरातून काढून टाकलं आहे.

तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. आमचे वडील वारले तेव्हा मी इथे होते. माझे कागद झालेले नव्हते. इथून बाहेर पडले असते तर परत येता आलं नसतं. मी पोस्टातून फोन केला. पलीकडे चर्चच्या ऑफिसात तुझा बाप. मी म्हटलं, "दादा, मला येता येत नाही, पण माझं कापड शिवून ठेव. मी इथे एकटी घालून बसेन." घरचं कार्य असलं की घरातल्या सगळ्यांनी एकाच कापडाचं घालायचं, हे तुला मी काय सांगणार? कोण आपलं आणि कोण परकं ते त्यावरून गावाला कळतं. त्यावर तो काय म्हणाला? "तुझ्यासाठी कापड कापलेलं नाही." एवढंच. फोन ठेवला. टेलरच्या घरात, पोरी! त्या दुकानात मी दहा वर्षं काजं केली आहेत. माझी काजं त्याच्यापेक्षा बारीक असायची, हे त्यालाही विचार.

तेव्हा तुझा महोत्सव थाटात होऊ दे. मी येणार नाही. बाहेरच्यांनी 'घरी या' म्हणायचं आणि घरच्यांनी दार लावून घ्यायचं, असा सण मला नको.

आणि तो हुद्दा खोड. मी एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना जेवू घालते. अधिकार एवढाच की भाजी सोडली तर गोड मिळणार नाही, असं मी त्यांना सांगू शकते.

तुझी आत्या,
अबेके

ता. क. : तू बॅगेत बसली होतीस हे खरं आहे. तुला बाहेर काढणाऱ्या दोघांतला एक तुझा बाप होता. दुसरी मी.


ओके-इरोको
१० जून २००१

प्रिय आत्या,

याम आणि डोळ्यांतल्या पाण्याबद्दल क्षमा असावी. एका चांगल्या कामासाठी मी ते लिहिलं. चांगल्या कामासाठीही लिहू नये, हे आता कळलं.

मी आईला कापडाबद्दल विचारलं. ती म्हणाली, "त्या गोष्टीत मी पडत नाही," आणि पातेलं घासायला लागली. ते आधीच घासलेलं होतं. बाबांना विचारायची हिंमत झाली नाही. त्यांच्यासमोर तुमचं नाव घेतलं की ते दातांत टाचण्या धरतात. मग माणूस बोलूच शकत नाही.

पण आत्या, गावाचं कापड तर सगळ्यांचं असतं ना? समितीने ठरवलं आहे की महोत्सवासाठी अख्ख्या ओके-इरोकोने एकच कापड घालायचं. निळ्या रंगावर राज्याचा नकाशा आणि मधोमध आपले राजेसाहेब काबियेसी यांचा चेहरा. छापखान्याचा अर्ज मीच भरला. 'चेहऱ्याचा आकार' अशी एक ओळ होती. मी लिहिलं, आदर म्हणून जितका मोठा होईल तितका मोठा. चीफ फालोडुन यांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "शिकलेल्या पोरीचा हाच फायदा."

या कापडात तुमचा वाटा आहे. तो कोणी काढून घेऊ शकत नाही, अगदी बाबासुद्धा. चिटणीस म्हणून मी तुमचं माप मागते आहे. बाबांना सांगेन की राजधानीतल्या एका बाईंचं आहे. हे खोटं ठरेल का, यावर मी दोन दिवस विचार केला. तुम्ही राजधानीतच राहता, फक्त ती दुसऱ्या देशाची आहे आणि शंभरेक कोस इकडे-तिकडे. भूगोलाच्या माणसाने इतकी सूट घ्यायला हरकत नसावी.

इबिदुन


लीड्स
२५ जून २००१

इबिदुन,

तुझ्या भूगोलाच्या मास्तरांची मला दया येते.

माप सोबतच्या कागदावर आहे. याचा अर्थ मी येते आहे असा मुळीच नाही. नुसतं कापड पोस्टाने पाठव. इथे आमच्याकडे मिसेस हार्डी म्हणून एक म्हातारी आहे, तिला निळा रंग आवडतो. घालून दाखवेन.

छाती चौतीस, कंबर सव्वीस, नितंब छत्तीस.

हसू नकोस. काही बायका असतात अशा. इथली थंड हवा माणसाला आहे तसं ठेवते.

काबियेसी म्हणजे आपले जुने हेडमास्तर अडेगोके ना? त्यांनी मला सातच्या पाढ्यावरून दोन छड्या मारल्या होत्या. आता त्यांना अंगावर घेऊन फिरायचं म्हणजे कमालच आहे.

अबेके


ओके-इरोको
१४ जुलै २००१

प्रिय आत्या,

कापड आलं, आणि माझ्यामुळे गाव संकटात आहे.

कापड सुंदर आहे. पण 'जितका मोठा होईल तितका' हे छापखान्याने फारच मनावर घेतलं. काबियेसींचा चेहरा जेवणाच्या ताटाएवढा आहे आणि दर हातभर कापडावर एक. बाबांनी पहिला ईरो चीफ फालोडुन यांच्या पत्नीच्या कमरेला लुगड्यासारखा गुंडाळून पाहिला आणि दोन पावलं मागे सरकले. मग म्हणाले, "वहिनी, कृपा करून वळू नका." पण त्या वळल्या.

आत्या, राजेसाहेब थेट तिथे होते. आणि हसत होते, कारण फोटोच हसरा आहे.

चीफ धावत दुकानात आले.

"आजानी, कसंही काप, पण राजेसाहेब मागे जाता कामा नयेत."

बाबा म्हणाले, "चीफ, माणसाला पुढची बाजू आहे तशी मागचीही आहे. छापणाऱ्याने ती धरली नाही. मागून उचलला तर चेहरा पुढे येतो, आणि पुढे कुठे येतो ते मी तुमच्या बायकोदेखत बोलणार नाही."

"थोडा बाजूला घे."

"बाजूला घेतला तर वहिनींच्या घेराला एकाऐवजी दोन बसतात."

चीफच्या पत्नी म्हणाल्या, "माझ्या घेराचं नाव काढायचं असेल तर दोघांनी बाहेर जाऊन काढा."

लोकांनी राजावर बसायचं! आपल्याकडे राजासमोर माणूस उभासुद्धा नीट राहत नाही, आडवा पडतो. मी काबियेसींकडे जाऊन पाया पडले आणि सगळा दोष माझा आहे असं सांगितलं. ते पोटभर हसले. म्हणाले, "पोरी, मी तीस वर्षं मास्तर होतो. मुलांनी माझ्या खुर्चीवर काय काय ठेवलं ते मला आठवतं. त्यापुढे हे काहीच नाही. खुशाल बसा." हा निरोप मी समितीला दिला. चीफ म्हणाले की हा राजेसाहेबांचा मोठेपणा, आणि एवढ्या मोठ्या मनाच्या माणसावर बसणं तर आणखी वाईट. शेवटी एकमताने ठराव झाला : हे कापड अंगावर असेतो ओके-इरोकोचा कोणीही बसणार नाही.

"बसमध्ये?" शेवटच्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

"बसमध्ये गुडघ्यांवर," चीफ म्हणाले.

इतिवृत्त मीच लिहिलं.

आता तुमच्या कापडाचं सांगते, आणि यात बातमी वाईट आहे. तुमच्या मापाचा कागद मी बाबांना दिला. त्यांनी तो दारातल्या उजेडात नेला आणि बराच वेळ पाहत राहिले.

"ही बाई कुठली?"

"राजधानीतली."

"वय?"

"त्रेचाळीस."

"हं," म्हणाले आणि कागद खिशात ठेवला. मापाचा कागद ते नेहमी खिळ्याला लावतात. मग कापायला बसले. मी शेजारी उभी राहून बघत होते. ब्लाउजच्या दोन्ही कडांना त्यांनी शिवणीत चांगलं चार-चार बोटं कापड आत दाबलं. इतरांना ते एक बोट ठेवतात. मी म्हटलं, "बाबा, एवढं कापड आत कशाला? वाया जातंय. आधीच कमी पडतंय." तर म्हणाले, "तू भूगोल बघ." शिवून झाल्यावर गळ्यात टेप तशीच ठेवून दुकानामागे पेरूच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. गिऱ्हाईक हाका मारत होतं तरी आले नाहीत.

त्यांना संशय आला असावा. रागानेच कापड वाया घालवलं. मला फार वाईट वाटतं, आत्या. मी दोन माणसांना जवळ आणायला गेले आणि एकाला आणखी दुखावलं. पार्सल पुढच्या आठवड्यात पाठवते.

इबिदुन


लीड्स
२८ जुलै २००१

इबिदुन,

चार बोटं?

दोन्ही बाजूंना?

तू नीट पाहिलंस ना? तू भूगोलवाली, शिवणातलं तुला काय कळतं?

पार्सल पाठवू नकोस. टपालात हरवतात. दुकानातच राहू दे.

मला रजा मिळत नाही. मागितली होती, नाही म्हणाले. तेव्हा माझी वाट पाहू नकोस आणि कोणाला काही बोलू नकोस. फक्त माहिती म्हणून विचारते : मैदानाला दारं किती आहेत, आणि आपलं गाव कुठल्या बाजूला असेल? मिसेस हार्डीला असल्या गोष्टींत रस आहे.

अबेके


ओके-इरोको
१३ ऑगस्ट २००१

प्रिय आत्या,

दारं चार आहेत. आपलं गाव पूर्वेला, पाण्याच्या टाकीखाली. मिसेस हार्डींना माझा नमस्कार सांगा.

माझं बोलावणं आलं. राष्ट्रीय सेवेच्या छावणीत वीस तारखेला हजर व्हायचं आहे, पार उत्तरेला, इथून दोन दिवसांच्या वाटेवर. म्हणजे महोत्सवाला मी नसेन. चार महिने मी लोकांना घरी या, घरी या म्हणून पत्रं लिहिली आणि आता मीच घर सोडून चालले आहे. चीफ म्हणाले, "काळजी करू नकोस, इतिवृत्त आहे, सगळं त्यावरून चालेल." मला त्याचीच काळजी आहे.

पण हे पत्र त्यासाठी नाही. छावणीला न्यायला मला पेटी हवी होती, म्हणून मी बाबांच्या खाटेखालून आजोबांची पत्र्याची पेटी ओढली. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "ती नको!" तोवर मी झाकण उघडलं होतं.

आत्या, आत कपडे आहेत. घडी करून, मध्ये कडुलिंबाची पानं घालून. सगळ्यात खाली आजोबांच्या अंत्यविधीचं तपकिरी कापड. त्यावर काकांच्या लग्नाचं हिरवं. मग दुसऱ्या आजीच्या कार्याचं, धाकट्याच्या नामकरणाचं, आणि सगळ्यात वर माझ्या पदवीचं जांभळं, जे आमच्या अख्ख्या घराने घातलं होतं. एकूण नऊ. प्रत्येकावर टाचणीने एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर बाबांच्या अक्षरात एकच नाव. अबेके.

आई दारात उभी होती. म्हणाली, "तपकिरी कापड तर फोन यायच्या आधीच शिवून झालं होतं. ती येणार नाही म्हणाली, तेव्हा रागात याच्या तोंडातून तसं निघून गेलं. मग तिने परत फोन केला नाही आणि याने केला नाही. मी सांगते तुला, ही दोघं एकाच कापडाची आहेत."

मी एक कपडा उलगडून शिवण पाहिली. एक बोट कापड. दुसऱ्यालाही एकच. सगळ्यांना एकच बोट. चार बोटं फक्त निळ्याला आहेत. मला याचा अर्थ लागत नाही, पण तुम्हाला लागला होता ना? म्हणून दोन प्रश्नचिन्हं टाकलीत.

मी पहिल्या पत्रात तुम्हाला लिहिलं होतं की बाबा तुमची आठवण काढतात. ते खोटं होतं. निदान लिहिताना तरी खोटं होतं. आता मला काय म्हणावं ते कळत नाही.

हे पत्र तुम्हाला वेळेत मिळेल का ठाऊक नाही. रजा पुन्हा मागाल का?

इबिदुन


ओके-इरोको
२८ ऑगस्ट २००१

इबिदुन पोरी,

वर गावाचं नाव बघ आणि मग पुढे वाच. मी तुझ्या घरात बसून लिहिते आहे. बसून म्हणजे खरंच बसून. त्यासाठी कपडे बदलले.

पेटीचं तुझं पत्र मला मिळालंच नाही. लीड्समध्ये दाराखालून पडलं असेल. त्यात काय आहे ते तुझ्या आईने सांगितलं. मी त्याच्याशिवायच निघाले होते. रजेचं मी तुला खोटं सांगितलं. मिळाली होती. नंतर मागे फिरावंसं वाटलं तर कोणाला कळू नये म्हणून तसं लिहिलं.

शुक्रवारी लागोसला उतरले, शनिवारी सकाळी टॅक्सीने राजधानी. मैदानाबाहेर टॅक्सीवाला म्हणाला, "आई, उतरता की परत फिरवू?" मी दोनदा दार उघडून लावून घेतलं होतं.

पूर्वेला टाकीखाली गेले, तर आपलं अख्खं गाव कठड्याला रांगेत उभं. मागे दोनशे खुर्च्या रिकाम्या. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे, आणि प्रत्येकाच्या खाली हेडमास्तर माझ्याकडे बघून हसताहेत. सातचा पाढा आठवला. माझा गुडघा प्रवासाने सुजला होता. अंगावर ते कापड नव्हतं, इंग्लंडचा निळा रेनकोट होता. तुमचा ठराव मला लागू नव्हता. मी मधल्या रांगेतल्या एका खुर्चीवर टेकले. पोरी, माझ्याकडे ते कापड नाही हे सतरा वर्षं मी मनात म्हणत आले, पण दोनशे उभ्या माणसांमागे एकटं बसल्यावर ते किती दिसतं, ते तिथे कळलं. उठून निघावं असं ठरवलंच होतं.

तेवढ्यात कर्ण्यावरून निवेदक ओरडला, "आणि आता पाहा ओके-इरोको! अख्खं गाव उभं आहे आणि फक्त महाराणीसाहेब बसल्या आहेत! याला म्हणतात परंपरा! टाळ्या!"

अख्ख्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. मी मागे वळून पाहिलं, कोण महाराणी. मागे टाकी होती. सरकारी सुटातला एक तरुण धावत आला, माझ्यापुढे जमिनीवर आडवा पडला आणि म्हणाला, "राज्यपाल महोदयांकडून," आणि थंड माल्टाची बाटली पुढे केली. मी घेतली. तहान लागली होती.

आपली महाराणी म्हणजे कोण, हे बघायला गाव वळलं. खरी राणी वळली, तिच्याजवळ उभे काबियेसी वळले, आणि मला पाहून त्यांनी तोंडावर पंखा धरला. त्यांचे खांदे हलत होते. चीफ फालोडुन पुटपुटले, "हे इतिवृत्तात नाही." आणि सगळ्यात शेवटी दादा वळला.

केस पिकलेत त्याचे. गळ्यात टेप, दातांत टाचण्या. रांगांमधून तो वर आला. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलेल. मीही टॅक्सीत काहीतरी मोठं जुळवलं होतं. त्याने टाचण्या काढून हातात घेतल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "कंबर सव्वीस म्हणे."

मी म्हटलं, "होती."

"एकोणीस वर्षांपूर्वी. त्या वेळचं तुझं माप मला पाठ आहे. त्याच मापावर नऊ शिवले. दहाव्याला तू स्वतःच्या हाताने तेच लिहून पाठवलंस."

"मग तुला कळलं होतं."

"कागद बघताच. म्हटलं, जिवंत आहे आणि खोटं बोलते आहे, म्हणजे बरी आहे."

"आणि फोनवर? 'कापलेलं नाही' म्हणाला होतास."

त्याने हातातल्या टाचण्या एकेक करून टेपमध्ये खोचल्या. मग म्हणाला, "शिवून झालं होतं. तू येत नाहीस म्हटल्यावर मला कोणावर तरी रागवायचं होतं. बाबा तर गेलेले." पुढे म्हणाला, "ऊठ."

"का?"

"तुझं कापड आणलंय."

आणलं होतं, इबिदुन. पिशवीत होतं. न कळवलेल्या माणसासाठी. हाताने फिरवायचं मशीनही आणलं होतं, म्हणे गर्दीत कुणाचं काही उसवलं तर. टाकीमागे चीफच्या पत्नीने आणि चार बायकांनी ईरो धरून आडोसा केला. मी ब्लाउज अंगात घातला आणि तो काखेखाली अडकला. बाहेरून दादा म्हणाला, "काढ आणि दे." मग शिवण उसवल्याचा आवाज. चीफच्या पत्नी म्हणाल्या, "आजानी, किती उसवतोस?"

"चार बोटं."

"पुरतील?"

"पुरतील. आवाजावरून अंदाज होता."

"आवाज कुठे ऐकलास? सतरा वर्षांत?"

"पोरीला लिहिलेल्या पत्रांतून. तिच्या उशीखाली असतात. ती भूगोल बघते, तिला कळत नाही."

हो, तुझी पत्रं तो वाचत होता. माझी, म्हणजे. ठेवायच्या जागा बदल.

ब्लाउज बसला. काखेत जरा आवळ आहे, पण बसला. आडोशातून बाहेर आले, तेव्हा महाराणी कुठे गेली म्हणून तो सुटातला तरुण इकडेतिकडे शोधत होता. मी खुर्चीकडे निघाले, गुडघ्यातून कळ येत होती, तर दादा म्हणाला, "अं हं. आता नाही."

मी विसरलेच होते.

तीन तास, पोरी. राज्यपालांचं भाषण, मंत्र्यांचं भाषण, शाळेच्या मुलींचा नाच, पुन्हा मंत्र्यांचं भाषण. सगळी गावं बसलेली आणि आम्ही उभे, काबियेसींना मागे घेऊन. मी दादाच्या शेजारी उभी होते. गुडघ्यामुळे मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने काढायला सांगितलं नाही. शेवटी 'सर्वांत शिस्तबद्ध गाव' म्हणून आपल्याला बक्षीस मिळालं. भिंतीवरचं मोठं घड्याळ, त्यावर राज्यपालांचा चेहरा. बारा वाजता दोन्ही काटे त्यांच्या नाकावर येतात. हा अपमान होतो का, यावर चीफने उद्या सभा बोलावली आहे.

यादीतल्या एक्केचाळीसपैकी सहाजण आले. चीफ हिरमुसले आहेत. मी त्यांना म्हटलं, सात धरा. एक पोर बॅगेत बसून यायची राहिली.

मी महिनाभर आहे. सकाळी दुकानात बसते. आज तीन काजं केली. दादा म्हणतो, जाड झालीत. कुरकुर करतो, पण उसवली नाहीत.

तुझी आत्या,
अबेके

ता. क. : तो चार ओळी लिहिणार म्हणतो. कागद देते.

इबिदुन,
आई सांगते छावणीतले सरकारी कपडे अंगाला होत नाहीत. माप पाठव. खरं पाठव. काही झालं तरी मी जरा जास्तच ठेवीन.
बाबा